कौलाखाली आणि पत्र्याखाली ओपन सेल फोम मारावा का? दापोलीजवळच्या एका घराबद्दल

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. दापोली तालुक्यात, समुद्रापासून पाऊण किलोमीटरवर वडिलांचं चिऱ्याचं कौलारू घर आहे. त्याला लागून चार वर्षांपूर्वी स्लॅबच्या खोल्या काढल्या. आता त्या स्लॅबवर लोखंडी ट्रस उभे करून, रंगीत पत्र्याखाली दोन बेडरूम करायच्या आहेत आणि दोन्हींत एसी बसवायचा आहे. कंत्राटदाराने कौलाखाली आणि पत्र्याखाली दोन्हीकडे चार इंच ओपन सेल स्प्रे फोम, म्हणजे फवारल्यावर फुगणारा मऊ फोम, सुचवला आहे. घर दहा अंशांनी थंड होईल, पावसाचा आवाज बंद होईल, असं तो सांगतो. पण शेजारच्या वाडीतल्या तुमच्या चुलतभावाने गेल्या वर्षी पत्र्याखाली हाच फोम मारून घेतला आणि आता त्याच्या वरच्या खोलीत कुबट वास येतो. तेव्हा तुम्ही फोम मारावा का, आणि भावाने काय करावं, हे दोन प्रश्न.

कौलाखाली मारू नका. हे मी कुठलीही अट न घालता सांगतो. पत्र्याखाली इन्सुलेशन हवंच, पण ते ओपन सेलचं नको. ओपन सेल तुमच्या घरात एका ठिकाणी खरोखर उपयोगी पडेल, ते पुढे सांगतो. भावाच्या खोलीचं शेवटी बघू.

मी या धंद्यात आलो तो कोल्ड स्टोरेजच्या कामातून. रत्नागिरीच्या बाजूला आंब्याची आणि मासळीची शीतगृहं आहेत, तिथे पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये पॉलियुरेथेन फोम भरलेल्या पाट्या) बसवायचं आणि क्लोज्ड सेल फोम मारायचं काम मी बरीच वर्षं केलं. शीतगृहात एक गोष्ट माणूस लवकर शिकतो. गरम बाजूच्या हवेतली वाफ थंड बाजूकडे धावते आणि वाटेत तिला थांबवलं नाही, तर इन्सुलेशनच्या पोटात तिचं पाणी होतं. पॅनेलच्या सांध्यात सुईएवढं भोक राहिलं, तरी दोन वर्षांत तिथे बर्फाचा गोळा होतो आणि भिंत फुगते. घरांची कामं सुरू केली तेव्हा वाटलं, घरात कुठे उणे तापमान असतं, इथे एवढी काळजी कशाला! ते चुकलंच माझं.

हा फोम म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. तो दोन ड्रमांतून येतो. एका ड्रममध्ये आयसोसायनेट असतं. दुसऱ्यात पॉलिऑल असतं आणि त्यात थोडं पाणी, उत्प्रेरक, आग मंदावणारं रसायन मिसळलेलं असतं. दोन्ही तापवून, सारख्या मापाने, लांब होजमधून गनच्या तोंडाशी आणतात. पाण्याची आणि आयसोसायनेटची गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि फवारा काही सेकंदांत शंभरपट फुगतो. फुगताना बुडबुड्यांच्या भिंती फुटतात आणि बुडबुडे एकमेकांत उघडतात, म्हणून ओपन सेल. घनमीटरला याचं वजन आठ-दहा किलो. क्लोज्ड सेलमध्ये बुडबुडे मिटलेले राहतात, आत वेगळा वायू कोंडलेला असतो आणि वजन तीस ते पंचेचाळीस किलो भरतं. इंचाला इंच मोजलं तर ओपन सेलचं आर-मूल्य, म्हणजे उष्णता अडवण्याचं माप, साधारण साडेतीन आणि क्लोज्ड सेलचं सहा ते सात.

आपल्याकडे स्प्रेवाला दोन्हीला 'पफ'च म्हणतो आणि कोटेशनमध्येही तेवढंच लिहितो. म्हणून नमुना मागा. दहा सेंटिमीटर लांब, रुंद, उंच असा ठोकळा कापून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. तो बरोबर एक लिटरचा ठोकळा असतो. आठ-दहा ग्रॅम भरला तर ओपन सेल, तीसच्या वर भरला तर क्लोज्ड. अंगठ्याने दाबलात तर ओपन सेल केकसारखा दबून परत वर येतो आणि क्लोज्ड सेल लाकडासारखा कडक लागतो. एवढी तपासणी कुणालाही जमते, आणि ती केल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.

ओपन सेल वाईट माल नाही. गार, कोरड्या देशांत त्याने लाखो घरं उबदार ठेवली आहेत. तो हलका आहे, फटी भरतो, हवा अडवतो आणि आवाज शोषतो. पण वाफ अडवत नाही. तीन-चार इंचांच्या थरातून वाफ जवळजवळ मोकळेपणाने ये-जा करते. ओली हवा बाहेर आणि कोरडी आत, की उलट, यावर सगळा खेळ आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत मावेल तेवढी ओल असते. जुलैत बाहेर २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असते, म्हणजे दवबिंदू २६ अंशांच्या आसपास. याचा सरळ अर्थ असा की २६ अंशांहून गार कुठलीही वस्तू त्या हवेच्या वाटेत आली, तर तिच्यावर पाणी धरेल. तुम्ही एसी २२ वर ठेवणार. म्हणजे खोलीचं सीलिंग, भिंतीचा आतला थर, एसीची नळी ही सगळी दव पडायची जागा झाली. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो, तसंच.

आता पत्र्याचं वागणं बघा. दिवसा तो तापतो. एप्रिलच्या दुपारी पत्र्याला थर्मामीटर लावलं तर पारा साठीच्या पुढे सहज जातो. रात्री आभाळ निरभ्र असेल तर तोच पत्रा हवेपेक्षा काही अंशांनी गार होतो. कार्तिक-मार्गशीर्षातल्या पहाटे गोठ्याच्या पत्र्याखालून थेंब टपटपताना तुम्ही लहानपणापासून पाहिले असतील. पाऊस नाही, गळती नाही, तरी पत्र्याला आतून पाणी सुटतं. त्या पत्र्याला ओपन सेल चिकटवला की रात्री खोलीतली वाफ फोममधून वर चढते आणि पत्र्याच्या पोटाला पाणी होऊन बसते. सकाळी ऊन पडलं की पत्रा तापून ते पाणी पुन्हा वाफ करून खाली ढकलतो. खाली एसीने गार झालेलं सीलिंग असतं, तिथे त्याचं पुन्हा पाणी. रोज एक भरती आणि एक ओहोटी, तुमच्या डोक्यावरच्या चार इंचांत. खाऱ्या वाऱ्याच्या गावात पत्र्याचा कापलेला काठ, स्क्रूची भोकं, ट्रसचं वेल्डिंग अशा जागा या रोजच्या ओलीने आधी खायला लागतात, तेही न दिसता.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. गुहागरच्या बाजूला एका होमस्टेच्या वरच्या मजल्याला मीच तीन इंच ओपन सेल मारला होता. पत्रा नवा, काम स्वच्छ, खाली पीव्हीसीचं सीलिंग. पहिला मे महिना मालक इतके खूश होते की त्यांनी मला दोन कामं मिळवून दिली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर फोन आला की सकाळी पीव्हीसीच्या सांध्यातून पाणी ठिबकतं. मी गळती समजून गेलो. पत्र्यावर तासभर पाइपने पाणी मारलं, एक थेंब आत आला नाही. मग सीलिंगची एक पट्टी काढली. फोम भिजलेल्या पावासारखा जड झाला होता. हाताएवढा तुकडा पिळला तर मूठभर पाणी निघालं. स्क्रूच्या भोवती पत्रा तांबूस पडला होता. पीव्हीसी हा वाफ न सोडणारा थर आणि तो नेमका गार बाजूला, म्हणजे आलेल्या ओलीला बाहेर पडायला वाटच नव्हती. शीतगृहात जी चूक मी पोरांना करू दिली नसती, ती घरात मी स्वतः केली होती. तो सगळा फोम माझ्या खर्चाने खरवडून काढला. त्या दिवसापासून इथल्या पत्र्याखाली मी ओपन सेल मारलेला नाही.

आता तुमचं कौलारू घर. मंगळुरी कौल आपल्या इतकं अंगवळणी पडलं आहे की ते बाहेरून आलं हे आठवतही नाही. बासल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना १८६५ साली काढला, त्याआधी आपल्याकडे नळे आणि गवती छपरं होती. पण कौल टिकलं ते त्याच्या एका गुणामुळे. ते सुटं असतं. रिपेवर नुसतं टेकलेलं असतं, एक फुटलं तर एक बदलता येतं. आगोटीच्या दिवसांत, मिरग लागायच्या आत, शाकारणी करणारा वर चढतो, सरकलेली कौलं बसवतो, पालापाचोळा काढतो. त्या कौलांना खालून फोम मारला की सगळी कौलं आणि रिपा एकमेकांना चिकटून एकच पाटा होतो. पुढच्या वर्षी एक कौल फुटलं तर काढणार कसं? काढायला गेलात तर शेजारची चार फुटतात.

आणि कौलातून पाणी येतं हे आपल्याला ठाऊकच आहे. समुद्राकडून झड आली की पाणी कौलाखालून वर चढतं, थोडा शिडकावा आत येतो, वासा ओला होतो, आणि दुसऱ्या दिवशी वारा लागून सुकतो. ही ओलण्या-सुकण्याची सोय आहे म्हणून ऐनाचे नि सागाचे वासे पिढ्यान्‌पिढ्या टिकले. फोमने वासे तीन बाजूंनी गुंडाळले की ते ओलतात, पण सुकत नाहीत. ओपन सेल गळती लपवतोही. पाणी लगेच खाली उतरत नाही. ते फोममध्ये साठतं, उताराने सरकतं आणि भलतीकडेच कुठेतरी डाग पडतो. डाग दिसेपर्यंत वासा मऊ झालेला असतो. ब्रिटनमध्ये स्लेटच्या आणि कौलाच्या छपरांखाली असा फोम मारलेल्या घरांवर कर्ज द्यायला कित्येक बँका तयार नसतात. कारण हेच, आतलं लाकूड तपासता येत नाही.

वाळवीचंही तेच. वाळवी फोम खात नाही, पण त्यातून बोगदा काढून वर जाते. उघड्या वाशावर तिची मातीची नळी चढलेली दिसली की आपण लगेच औषध मारतो. फोमच्या आड ती दिसतच नाही. उंदीर आणि मुंग्या तर या मऊ फोममध्ये घरटंच करतात. मी उघडलेल्या एका छपरात मुंग्यांनी वीतभर लांबीची पोकळी केली होती.

तुमच्या आई अजून चुलीवर पाणी तापवतात, असं तुम्ही सहज लिहिलंत. माझ्या दृष्टीने पूर्ण प्रश्नातलं ते सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. चुलीचा धूर जातो कुठून? कौलांच्या फटींतून. कौलारू छप्पर घराचं धुराडं असतं. ते फोमने बंद केलं तर धूर माजघरात राहील, आणि धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइडही, ज्याला ना वास असतो ना रंग. शिवाय हा फोम पेट घेतो. आग मंदावणारं रसायन घातलेलं असलं तरी उघडा पॉलियुरेथेन फोम पेटला की धूर विषारी निघतो, त्यात हायड्रोजन सायनाइड असतं. म्हणून राहत्या घरात हा फोम साडेबारा मिलिमीटरच्या जिप्सम बोर्डाने झाकलेलाच असावा लागतो. चुलीवर उघडा फोम, हा विचारसुद्धा कुणी मनात आणू नये.

मग कौलारू घर थंड कसं करायचं? खरं सांगायचं तर ते फारसं गरम नसतंच. मे महिन्यात दुपारी तापतं, कारण तापलेलं कौल वरून ऊन फेकतं. त्याला जुना उपाय आहे, तक्तपोशी. वाशांखाली फळ्यांचं आडवं छत करा, कौल आणि फळ्या यांच्यामध्ये मोकळी हवा ठेवा, दोन्ही पाखांच्या टोकांना, वळचणीशी आणि आढ्याशी, वारा जायला वाट ठेवा, जाळी लावून. फळ्या परवडत नसतील तर बांबूच्या चटया किंवा सिमेंटचा पातळ बोर्ड चालेल. फळीच्या वरच्या अंगाला चमकदार अ‍ॅल्युमिनियमचा कागद लावा, चमक कौलाकडे तोंड करून आणि मध्ये किमान दोन इंच मोकळी जागा ठेवून. कौलाकडून येणारी उष्णता बहुतांश किरणांनी येते आणि तो कागद ती परतवतो. दरवर्षी एक फळी सरकवून वर डोकावता येतं, गळती दिसते, वाळवी दिसते. चुलीच्या खोलीला मात्र तक्तपोशी नको, ती उघडीच ठेवा.

भिंतींवरही फोमचा प्रस्ताव असेल तर तो सरळ खोडून टाका. जांभ्याची नऊ-बारा इंची भिंत आपणहून थंड राहते, ओल पिते आणि उन्हाळ्यात सोडते. तिला आतून फोम लावला तर ती ओल फोममागे अडकेल.

आता नव्या पत्र्याच्या खोल्या. इथे इन्सुलेशन लागतंच, त्याशिवाय त्या खोल्यांत दुपारी बसता येणार नाही. पण 'दहा अंश थंड' याचा अर्थ नीट समजून घ्या. उघडा पत्रा ६५ अंशांना तापला तर तुमच्या डोक्यावर ६५ अंशांचा तवा धरल्यासारखं होतं. त्याखाली दोन इंच चांगलं इन्सुलेशन असेल तर आतला पृष्ठभाग ३६-३७ पर्यंत खाली येतो. डोक्याची भाजणी थांबते आणि तो फरक खूप मोठा आहे. पण खिडक्या उघड्या असतील तर खोलीतली हवा बाहेरच्या हवेइतकीच राहणार, ३३ ची ३३. आणि घामाने चिकचिक होणारा जो आपला उकाडा आहे, तो हवेतल्या ओलीमुळे होतो, फोमने तो कमी होत नाही. त्याला वारा लागतो.

जाडीबद्दलही बोलतो, कारण चार इंच हा आकडा पैसे वाढवण्यासाठी आहे. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ साली घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. त्यात छताचं यू-मूल्य, म्हणजे उष्णता आत सोडण्याचं माप, १.२ च्या वर नसावं असं म्हटलं आहे. ओपन सेलच्या एका इंचाने पत्र्याचं छप्पर जेमतेम तिथे पोचतं. दोन इंचांनी ०.६५ च्या आसपास येतं, चार इंचांनी ०.३५. म्हणजे उघड्या पत्र्यावरून दोन इंचांपर्यंत येताना जो फायदा होतो, त्याच्या एक अष्टमांशसुद्धा पुढच्या दोन इंचांत मिळत नाही. थंड देशात, जिथे आत-बाहेर तीस-चाळीस अंशांचा फरक महिनोन्‌महिने असतो, तिथे त्या जाडीला अर्थ आहे.

तुमच्या पत्र्याला मी दोनपैकी एक करीन. पत्रा अजून घेतलेला नसेल तर साधा पत्रा न घेता तयार सँडविच पॅनेल घ्या, वर पत्रा, मध्ये पन्नास मिलिमीटर पफ, खाली पत्रा. वाफेला दोन्ही बाजूंनी अडवणारा थर असतो, आतली बाजू पुसता येते, सांधे दिसतात. सांध्यांना सीलंट चांगलं भरून घ्या, आमच्या शीतगृहातल्या सवयीने, घाई न करता. पत्रा आधीच घेतला असेल तर त्याच्या पोटाला चाळीस मिलिमीटर क्लोज्ड सेल मारा, दोन थरांत. एकदम जाड थर मारला तर फोम स्वतःच्या रसायनाच्या उष्णतेने आतून जळतो, तपकिरी पडतो. पत्रा स्वच्छ, कोरडा, तेल पुसलेला हवा. पन्हळीच्या टोकाशी, जिथे पत्रा भिंतीवर येतो, तिथली फट भरली की नाही ते स्वतः शिडीवर चढून बघा. तिथूनच ओली हवा आत शिरते. त्याखाली जिप्सम बोर्ड लावा. पीव्हीसी नको.

पावसाच्या आवाजाबाबत तुमचा कंत्राटदार बरोबर आहे. आवाजाला ओपन सेल क्लोज्डपेक्षा सरस आहे. पण पॅनेलनेसुद्धा पत्र्याचा थरथराट बराच मरतो, खाली जिप्सम आणि त्यामागे रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) घातलं तर उरलेलाही जातो. शिवाय जूनच्या पहिल्या पावसाचा थोडा आवाज घरात यावा असं मला तरी वाटतं.

एसी लहान घ्या. इन्सुलेशन केलेल्या खोलीला उष्णता कमी येते, पण ओल तेवढीच येते. दीड टनाचा एसी अशी खोली दहा मिनिटांत गार करतो आणि बंद पडतो, आणि ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही. मग खोली गार पण दमट, अंथरूण ओलसर, कपाटात बुरशी. अशा बेडरूमला एक टनाचा इन्व्हर्टर एसी २६ वर, सोबत पंखा, एवढं पुरतं. २६ वर ठेवलं की दवबिंदूचं संकटही बरंच टळतं.

खिडक्यांवर कंजुषी करू नका, समोरासमोर ठेवा. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ आलं, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. जी घरं एसीच्या भरवशावर बंद डब्यासारखी बांधली होती, त्यांत लोकांना थांबवेना. वारा खेळणारी घरं मात्र, कौलं उडाली तरी, राहती राहिली.

ओपन सेल जिथे खरोखर चांगला, ती जागा म्हणजे तुमच्या दोन बेडरूममधली पार्टिशन. जिप्समची भिंत करणार असाल तर दोन बोर्डांच्या मध्ये तो भरा. दोन्ही बाजूंना सारखंच तापमान, बाहेरची हवा नाही, पाणी नाही, फोम झाकलेला. टीव्हीचा आवाज पलीकडे जवळजवळ जाणार नाही. पण नुसत्या एका पार्टिशनसाठी स्प्रेचं मशीन पुण्या-मुंबईहून आणणं परवडणार नाही, तेव्हा तिथेही रॉकवूल भरलंत तर काही बिघडत नाही.

क्लोज्ड सेल मारायचं ठरलं तर काम नोव्हेंबर ते मे याच काळात करा. पावसाळ्यात नको. ओल्या पृष्ठभागाशी आयसोसायनेट आधीच भिडतं आणि फोम धरत नाही. मे महिन्यात ड्रम पत्र्याच्या शेडमध्ये उन्हात ठेवू देऊ नका, सावलीच्या पडवीत ठेवायला लावा. दोन ड्रमांचं माप बिघडलं तर फोम चिवट किंवा ठिसूळ होतो आणि माशासारखा वास महिनोन्‌महिने जात नाही. मारल्यावर जाडी दहा ठिकाणी सुई टोचून मोजा, कंत्राटदार दाखवेल तिथे नको, तुम्ही निवडाल तिथे.

आणि मारणाऱ्या माणसांकडे लक्ष ठेवा. आयसोसायनेटचा फवारा श्वासात गेला की काहींना दम्यासारखा त्रास सुरू होतो, आणि एकदा शरीराने तो धरला की पुढे थोड्याशा वासानेही छाती भरून येते. माझ्याबरोबर काम करणारा एक मुलगा सुरुवातीच्या काळात तोंडाला रुमाल बांधून मारायचा. आम्ही सगळेच तसं करायचो, कुणी सांगितलंच नव्हतं. आज तो या धंद्यात नाही, ड्रम उघडला त्या खोलीत त्याला उभं राहता येत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क, पूर्ण अंग झाकणारा सूट, हातमोजे हे नसतील तर काम सुरू करू देऊ नका. तुम्ही पैसे देता, तुम्हाला ते सांगायचा अधिकार आहे. घरातली माणसं, विशेषतः लहान मुलं आणि तुमच्या आई, निदान चोवीस तास दुसऱ्या घरी राहू देत, आणि त्यानंतरही खिडक्या उघड्या ठेवून खोली वाऱ्याला लावा.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण तुमच्या घराचा निर्णय माझ्या मते तिच्यावरच ठरतो. हे घर वर्षातून किती दिवस उघडं असतं? आई जुन्या घरात राहतात, पण वरच्या नव्या खोल्या शिमगा, मे महिना आणि गणपती एवढ्याच वेळा उघडणार. म्हणजे जून ते भाद्रपद, सगळ्यात ओले तीन महिने, त्या बंद. बंद खोलीत ओल शिरली तर ती बघायला कुणी नाही. अशा घरात जे काही करायचं ते उघडून बघता येईल, पुसता येईल, एकेक तुकडा बदलता येईल असंच करावं. तक्तपोशी तशी आहे, पॅनेल तसं आहे. फोम तसा नाही. आईंना जिना चढवत नसेल, तर शेजारच्या एखाद्या पोराला दर पंधरा दिवसांनी, ऊन पडेल त्या दुपारी, वरच्या खिडक्या दोन तास उघडायला सांगा.

आता चुलतभावाचं. कुबट वास म्हणजे कुठेतरी ओल साठली आहे. सुगंधी फवारे आणि रंग यांत पैसे घालू नका. आढ्याजवळची, म्हणजे सगळ्यात उंचावरची, सीलिंगची एक पट्टी काढा, कारण ओली वाफ वर चढते आणि आधी तिथे साठते. दुसरी पट्टी वळचणीजवळ काढा. फोममध्ये हात घालून पत्र्यापर्यंत जा, तुकडा कापून पिळून बघा. कोरडा निघाला आणि फक्त वास असेल, तर माप बिघडलेल्या फोमचा वास असू शकतो, तेव्हा कंत्राटदाराला बोलवा. ओला निघाला तर वाट बघू नका. ओपन सेल मऊ असतो, लांब पात्याच्या सुरीने आणि पत्र्याच्या खरवडणीने निघतो. काढताना आधी वीज बंद करा, कारण वायर फोममध्ये गाडलेल्या असतात. मास्क लावून काढा. काढलेला फोम जाळू नका, परसात तर मुळीच नको, पोत्यांत भरून तालुक्याच्या कचऱ्यात द्या. मग पत्रा आतून बघा, गंजलेले स्क्रू बदला, घासून झिंकचा प्रायमर मारा, आणि दिवाळीनंतर कोरड्या हवेत पुन्हा इन्सुलेशन करा. तोपर्यंत एसी २६ च्या खाली आणू नका आणि सीलिंगच्या त्या दोन पट्ट्या उघड्याच ठेवा.